गोरेपणाच्या क्रीममधील पारा: ‘हेवी मेटल्स पास’ या शेऱ्याने नेमके काय सिद्ध होते?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंच्या भाचीने ब्यूटी पार्लरमधून घेतलेले, उत्पादकाचे नाव नसलेले गोरेपणाचे क्रीम काही महिने वापरले. नंतर तिच्या पायांवर आणि डोळ्यांभोवती सूज आली व लघवीच्या तपासणीत प्रथिने आढळली. विचारणा केल्यावर पार्लरच्या बाईंनी विक्रेत्याकडून एक प्रयोगशाळा अहवाल आणून दाखवला. त्यात ‘हेवी मेटल्स, ॲज लेड: 20 पीपीएमपेक्षा कमी, पास’ अशी नोंद आहे, म्हणजे शिशाच्या हिशेबाने मोजलेले जड धातू दहा लाख भागांत 20 भागांपेक्षा कमी. या अहवालावर विश्वास ठेवावा का, क्रीम पुन्हा तपासून घ्यायचे तर ते कोठे व कसे, आणि तपासणी करून घेताना नेमके काय मागायचे, असे ताईंनी विचारले आहे.

औषधे व सौंदर्यप्रसाधने यांच्या रासायनिक विश्लेषणात माझे आजवरचे काम झालेले असल्यामुळे मी मुख्यतः त्या बाजूने उत्तर देतो. उपचारांचा निर्णय मूत्रपिंडविकार तज्ज्ञच घेतील. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगतो: क्रीम आजच बंद करावे, परंतु डबी फेकू नये. झाकण घट्ट लावून ती जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावी आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवावी. पुढच्या साऱ्या तपासणीचा आधार ती डबीच आहे.

आता अहवालाबद्दल. पार्लरमध्ये दाखवलेला तो कागद खरा असला, त्यावरची सही खरी असली आणि चाचणी नियमानुसार केलेली असली, तरीही त्यावरून क्रीममध्ये पारा नाही असे म्हणता येत नाही. हे अनेकांना पटत नाही, म्हणून जरा खोलात जाऊन सांगतो. ‘हेवी मेटल्स, ॲज लेड’ ही चाचणी जुनी आहे. तिच्यात नमुना आम्लासह तापवून जाळतात, भट्टीत 500 ते 600 अंश सेल्सिअसला त्याची राख करतात, ती राख आम्लात विरघळवतात आणि त्या द्रावणात सल्फाइड मिसळून उमटणाऱ्या तपकिरी रंगाची तुलना शिशाच्या ठरावीक प्रमाणाच्या द्रावणाशी करतात. नमुन्याचा रंग प्रमाणित द्रावणाहून गडद झाला नाही, तर नमुना उत्तीर्ण. शिशासाठी ही पद्धत कामचलाऊ होती. पारा मात्र 357 अंशांना उकळतो आणि गोरेपणाच्या क्रीममध्ये वापरले जाणारे कॅलोमेल, म्हणजे मर्क्युरस क्लोराइड, 400 अंशांच्या आतच वाफ होऊन निघून जाते. भट्टीचे तापमान 500 वर पोहोचेपर्यंत मुशीत पारा उरलेलाच नसतो आणि सल्फाइडला दिसायला काही शिल्लक नसते. म्हणजे एक टक्का पारा असलेले क्रीमही या चाचणीत निर्दोष सुटू शकते. अमेरिकेच्या औषधकोशाने ही पद्धत 1 जानेवारी 2018 पासून मोडीत काढली आणि तिच्या जागी प्रत्येक धातू स्वतंत्रपणे मोजणाऱ्या उपकरणीय पद्धती आणल्या. त्यामागे धातू वाफेवाटे निसटून जाण्याचा हा दोष हे एक प्रमुख कारण होते.

म्हणून अहवालात ‘मर्क्युरी’ किंवा ‘पारा’ असा स्वतंत्र शब्द, त्यापुढे आकडा, आकड्यापुढे एकक आणि चाचणीची पद्धत, या चार गोष्टी दिसल्या नाहीत, तर पाऱ्याच्या दृष्टीने तो अहवाल कोरा समजावा.

पारा क्रीममध्ये येतो कसा, हेही समजून घेतले पाहिजे, कारण तपासणीची आखणी त्यावरच अवलंबून असते. त्वचेचा रंग ज्या मेलॅनिनमुळे येतो, ते तयार होण्यासाठी टायरोसिनेज नावाचे विकर लागते आणि त्या विकराचे काम तांब्याच्या अणूंवर चालते. पारा या विकरात अडथळा आणतो, मेलॅनिन कमी बनते आणि काही आठवड्यांत चेहरा खरोखरच उजळ दिसू लागतो. दुर्दैवाने क्रीमची ख्याती होते ती याच ‘गुणामुळे’. त्यामुळे अशा क्रीममधला पारा कच्च्या मालातून चुकून आलेला नसतो, तर परिणामासाठी मुद्दाम घातलेला असतो, आणि परिणाम दिसावा एवढा घातलेला असतो. साधारणपणे तो अमोनिएटेड मर्क्युरी किंवा कॅलोमेल या पांढऱ्या भुकटीच्या रूपात घालतात. पांढऱ्या क्रीममध्ये पांढरी भुकटी डोळ्यांना ओळखू येत नाही. असे काही क्रीम उजेडात राहिल्यावर करडे पडते, परंतु तसे झाले नाही म्हणून पारा नाही, असा निष्कर्ष काढू नये.

प्रमाणांचा अंदाज येण्यासाठी थोडा हिशेब करू. एक पीपीएम म्हणजे एक किलो क्रीममध्ये एक मिलिग्रॅम. आपल्याकडील सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 नुसार डोळ्यांभोवती लावण्याच्या प्रसाधनांत परिरक्षक म्हणून वापरलेल्या पाऱ्याला 70 पीपीएमची मर्यादा होती, आणि इतर प्रसाधनांत नकळत आलेला पारा 1 पीपीएमच्या वर चालत नाही. आता बाजारात काय सापडते ते पाहू. झिरो मर्क्युरी वर्किंग ग्रुप या आंतरराष्ट्रीय गटाने 12 देशांतून गोळा केलेल्या 158 क्रीमची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी 96 क्रीम 1 पीपीएमची मर्यादा ओलांडणारी निघाली आणि त्यांतील पारा 40 पीपीएमपासून 1,30,000 पीपीएमच्याही वर होता. 10,000 पीपीएम म्हणजे एक टक्का. अशा एक टक्का पाऱ्याच्या क्रीमची 30 ग्रॅमची डबी घेतली, तर तीत 300 मिलिग्रॅम पारा असतो, आणि रोज एक ग्रॅम क्रीम लावणारी मुलगी दररोज 10 मिलिग्रॅम पारा चेहऱ्यावर चोळत असते. कायदेशीर मर्यादेतल्या क्रीममधून तेवढाच पारा मिळायला 10 किलो क्रीम लागेल. थोडक्यात, ज्या क्रीमबद्दल आपण बोलत आहोत ते मर्यादेच्या जरासे इकडे किंवा तिकडे नसते. ते एकतर मर्यादेच्या खूप खाली असते किंवा हजारो पट वर असते. तपासणाऱ्याला हे ठाऊक असले की पुढचे बरेच निर्णय सोपे होतात.

भाचीच्या लक्षणांचा संदर्भ इथेच येतो. अकोल्यातील एक तरुणी, तिची आई आणि बहीण या तिघी एकच क्रीम वापरत होत्या आणि तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील मूत्रपिंडविकार विभागाने त्याची पाळेमुळे शोधली, क्रीममध्ये पारा सापडला, आणि 2023 मध्ये ही घटना वर्तमानपत्रांतून लोकांपुढे आली. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळातील मेम्ब्रेनस नेफ्रोपथीच्या (मूत्रपिंडाच्या गाळण्या बिघडून लघवीतून प्रथिने जाण्याच्या विकाराच्या) 22 रुग्णांची नोंद मांडली. त्यांपैकी 15 जणांच्या मूत्रपिंडाच्या बायोप्सीत नेल-1 हे प्रथिन आढळले आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरेपणाची क्रीमे वापरल्याचे कबूल केले. केरळच्या औषध नियंत्रण विभागाने 2023 मध्ये ‘ऑपरेशन सौंदर्य’ या नावाने दुकानांवर छापे घातले ते याच पार्श्वभूमीवर. त्या रुग्णांबाबत दिलासा देणारी गोष्ट ही की क्रीम बंद केल्यावर बहुतेकांचा आजार आटोक्यात आला. म्हणूनच सूज आणि लघवीतील प्रथिने घेऊन आलेल्या तरुण रुग्णाला ‘चेहऱ्याला काय लावता?’ हा प्रश्न विचारला जाणे फार महत्त्वाचे आहे. डॉक्टरांनी विचारला नाही, तर भाचीने आपण होऊन सांगावे आणि डबी सोबत न्यावी.

आता प्रत्यक्ष तपासणी. पहिली पायरी चाळणीची, आणि त्यासाठी एक्सआरएफ हे उपकरण सर्वांत सोयीचे. त्यातून क्ष-किरण नमुन्यावर सोडले जातात, प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत सोडते आणि त्यावरून कोणते मूलद्रव्य किती आहे याचा अंदाज येतो. क्रीम एका लहान कपात भरून वर पातळ पारदर्शक पडदा ताणतात. नमुना जाळावा किंवा विरघळवावा लागत नाही, दोन-तीन मिनिटांत उत्तर मिळते आणि क्रीम जसेच्या तसे शिल्लक राहते. हातात धरून चालवता येणाऱ्या यंत्राने पाऱ्याचे काही पीपीएमपर्यंतचे प्रमाण ओळखता येते. 1 पीपीएमच्या कायदेशीर मर्यादेचा निवाडा करायला हे पुरेसे नाही, पण हजारो पीपीएमचे क्रीम पकडायला पुरेपूर आहे.

या यंत्राचा पडदा वाचणाऱ्याला मात्र अनुभव हवा. पाऱ्याची मुख्य रेषा 9.99 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास असते आणि तिच्या अगदी शेजारी, 9.57 ला, जस्ताची दुय्यम रेषा येते. गोरेपणाच्या आणि उन्हापासून संरक्षण देणाऱ्या क्रीममध्ये झिंक ऑक्साइड भरपूर असल्यामुळे जस्ताची ती रेषा उंच होते आणि तिच्या उतारावर पाऱ्याचे छोटे शिखर झाकले जाऊ शकते, किंवा यंत्र नसलेला पारा दाखवू शकते. म्हणून पाऱ्याची दुसरी रेषा, 11.82 ची, तीही दिसते आहे का, हे पाहिल्याशिवाय होकार देऊ नये. शिसे आणि आर्सेनिक यांच्या मुख्य रेषा तर 10.55 आणि 10.54 वर जवळजवळ एकमेकींवरच पडतात. त्यामुळे केवळ त्या एका रेषेवरून ‘आर्सेनिक सापडले’ असे सांगणारा अहवाल मी मान्य करणार नाही. सोन्याचांदीच्या पेढ्यांवर कस पाहण्यासाठी ठेवलेले एक्सआरएफ यंत्र तत्त्वतः असेच असते, परंतु ते मिश्रधातूंसाठी बसवलेले असते. त्यावर क्रीम ठेवून मिळालेल्या आकड्याला अर्थ नाही.

दुसरी पायरी अचूक मोजमापाची. इथे दोन-तीन रस्ते आहेत. पाऱ्यापुरते बोलायचे तर मला सर्वांत भरवशाची वाटणारी पद्धत म्हणजे नमुना थेट जाळून त्यातील पारा सोन्यावर पकडण्याची. थोडेसे क्रीम नावेच्या आकाराच्या लहान पात्रात तोलून ऑक्सिजनच्या प्रवाहात तापवतात, बाहेर पडणारी पाऱ्याची वाफ सोन्याच्या सापळ्यात अडकते, सापळा झटकन तापवून ती एकदम सोडली जाते आणि 253.7 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाचे शोषण मोजले जाते. जुन्या राख चाचणीत जी वाफ वाया जात होती, नेमकी तीच इथे मोजली जाते. आम्ल नको, पचन (म्हणजे नमुना तापवून आम्लात पूर्ण विरघळवणे) नको, त्यामुळे पारा निसटण्याच्या जागाही कमी. आयएसओ 23674 हे 2022 चे मानक याच पद्धतीचे आहे. दुसरा रस्ता बंद भांड्यात दाबाखाली पचन करून कोल्ड व्हेपर पद्धतीने, म्हणजे द्रावणातला पारा न तापवता वाफेच्या रूपात बाहेर काढून, मोजण्याचा, ज्यासाठी आयएसओ 23821 हे मानक आहे. तिसरा आयसीपी-एमएसचा, म्हणजे अणूंचे आयन करून त्यांच्या वस्तुमानावरून धातू मोजणाऱ्या यंत्राचा, ज्यात शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, क्रोमियम असे इतर धातूही एकाच वेळी मोजता येतात. त्याचे मानक आयएसओ 21392.

नमुना तयार करण्याच्या टप्प्यावर सर्वाधिक घोटाळे होतात, म्हणून त्याचे थोडे तपशील देतो. कॅलोमेल जड असते. पातळसर क्रीममध्ये ते हळूहळू तळाशी बसते, आणि घरगुती पद्धतीने ढवळून भरलेल्या डबीत तर सुरुवातीपासूनच ते सारखे पसरलेले नसते. वरच्या थरातून चमचाभर काढून केलेली चाचणी दिशाभूल करू शकते. वर, मध्ये आणि तळाशी अशा तिन्ही ठिकाणांहून क्रीम घेऊन काचेच्या किंवा प्लास्टिकच्या पट्टीने नीट एकजीव करावे आणि त्यातून किमान दोन स्वतंत्र भाग तोलावेत. दोन उत्तरांत मोठी तफावत आली, तर यंत्राला दोष देण्याआधी पुन्हा ढवळावे.

पचनासाठी साधारण पाव ग्रॅम क्रीम घेतले, नायट्रिक आम्ल व थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल घालून मायक्रोवेव्हच्या बंद भांड्यात 180 ते 200 अंशांपर्यंत तापवले आणि थंड झाल्यावर 50 मिलिलिटरपर्यंत पातळ केले, असे समजू. क्रीममध्ये मेण व तेल भरपूर असल्यामुळे नायट्रिक आम्लाशी त्याची क्रिया जोरात होते व वायू सुटतो. झाकण लावण्याआधी भांडे अर्धा तास तसेच ठेवणे सुरक्षिततेसाठी आवश्यक आहे. हेच पचन उघड्या चंचुपात्रात हॉटप्लेटवर केले, तर पारा पुन्हा हवेत जातो. हायड्रोक्लोरिक आम्ल पाऱ्याला द्रावणात धरून ठेवते. केवळ नायट्रिक आम्लात तो भांड्याच्या भिंतींना चिकटतो. काही प्रयोगशाळा त्यासाठी द्रावणात किंचित सोन्याचे क्षार घालतात. तयार द्रावण साध्या पॉलिथिनच्या बाटलीत दिवसचे दिवस ठेवू नये.

वरच्या हिशेबात नमुना 200 पट पातळ होतो. म्हणजे 1 पीपीएमच्या क्रीमचे द्रावण आयसीपी-एमएसला 5 पीपीबीचे (पीपीबी म्हणजे पीपीएमचा हजारावा भाग) दिसते, जे यंत्र सहज मोजते. परंतु क्रीममध्ये 10,000 पीपीएम पारा असेल, तर तेच द्रावण 50,000 पीपीबीचे होते. असे द्रावण यंत्रात गेले की पारा नळ्यांना आणि फवारा कक्षाला चिकटून बसतो आणि तासन्‌तास धुतले तरी उतरत नाही. त्यानंतर तपासलेल्या स्वच्छ क्रीममध्येही पारा ‘सापडतो’. एखाद्या दुकानदाराचे निर्दोष क्रीम अशा रीतीने दोषी ठरणे हाही अन्यायच आहे. म्हणून आधी एक्सआरएफची चाळणी, मग अंदाजाप्रमाणे नमुना हजारो पट पातळ करणे, आणि प्रत्येक जास्त प्रमाणाच्या नमुन्यानंतर कोरे, म्हणजे क्रीम न घातलेले, द्रावण चालवून आकडा खाली आल्याची खात्री करणे, हा क्रम मोडू नये.

इतर धातूंबद्दल थोडक्यात. टायटॅनियम डायऑक्साइड असलेल्या क्रीममध्ये नेहमीच्या आम्लांनी पांढरा साका उरतो आणि त्यात अडकलेले शिसे मोजणीतून सुटू शकते. आर्सेनिक 75 या वस्तुमानावर मोजले जाते आणि आर्गॉन व क्लोरीन मिळून तयार होणारा आयनही त्याच वस्तुमानावर येतो, त्यामुळे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले असताना हीलियमची टक्करपेशी (असे नको असलेले आयन अडवणारा यंत्राचा भाग) चालू नसेल तर नसलेले आर्सेनिक दिसते. आपल्या नियमांनी शिसे व आर्सेनिकची संयुगे रंग म्हणून वापरण्यास मनाई केली आहे, आणि वापरलेल्या रंगद्रव्यांत शिसे 20 व आर्सेनिक 2 पीपीएमच्या आत असावे लागते. तरीही माझे मत स्पष्ट आहे: गोरेपणाच्या क्रीमसाठी एकाच चाचणीचे पैसे हाताशी असतील, तर ते पाऱ्यावर खर्च करावेत. शिशाची शंका घ्यायची ती सुरमा आणि कुंकू यांच्याबाबत आधी.

प्रयोगशाळा निवडताना दरवाजावर ‘एनएबीएल’ लिहिले आहे एवढ्यावर थांबू नये. एनएबीएल ही प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था. तिची मान्यता आयएसओ/आयईसी 17025 नुसार असते आणि ती प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. कोणत्या पदार्थात, कोणता घटक, कोणत्या पद्धतीने आणि कोणत्या मर्यादेपर्यंत, अशी त्या मान्यतेची यादी असते. ‘सौंदर्यप्रसाधने’ या पदार्थात ‘पारा’ हा घटक त्या यादीत आहे का, हे फोनवर विचारावे. पिण्याच्या पाण्यातील पारा मोजण्याची मान्यता क्रीमसाठी चालत नाही. पाण्यात पारा विरघळलेला असतो आणि क्रीममध्ये तो मेणात गुंडाळलेला असतो. अहवाल मागताना पाऱ्याचा आकडा पीपीएममध्ये, मोजण्याची किमान मर्यादा, वापरलेली पद्धत आणि स्पाइक रिकव्हरी या गोष्टी लेखी मागाव्यात. स्पाइक रिकव्हरी म्हणजे त्याच क्रीममध्ये पचनाआधी माहीत असलेले पाऱ्याचे प्रमाण मिसळून त्यातले किती परत सापडते ते पाहणे. शंभर टाकले आणि 80 ते 120 च्या दरम्यान परत आले, तर पद्धत त्या क्रीमवर चालते असे मानायला आधार आहे. तीसच परत आले, तर ‘आढळला नाही’ हा शेरा निरर्थक. तसेच ‘आढळला नाही’ यापुढे ‘किती प्रमाणाखाली’ हे लिहिलेले नसेल, तर तो शेरा अपुरा समजावा. किमान मर्यादा 10 पीपीएम असलेल्या पद्धतीला 9 पीपीएमचा पारा दिसणारच नाही आणि कायद्याची मर्यादा 1 आहे.

पार्लरमधील अहवालाकडे आणखी एका बाजूने पाहावे. त्यावर बॅच क्रमांक आहे का, आणि तो भाचीच्या डबीवरच्या क्रमांकाशी जुळतो का? अहवालाखाली बहुधा बारीक अक्षरांत लिहिलेले असते की निष्कर्ष फक्त दिलेल्या नमुन्यापुरता मर्यादित आहे आणि नमुना प्रयोगशाळेने स्वतः घेतलेला नाही. याचा अर्थ विक्रेत्याने प्रयोगशाळेला कोणते क्रीम दिले, हे प्रयोगशाळेला माहीत नाही. ज्या डबीवर बॅच क्रमांकच नाही, तिच्याबद्दल विक्रेत्याने दाखवलेला कोणताही अहवाल काही सांगू शकत नाही; ती डबीच तपासावी लागते.

कायद्याचा रस्ता फारसा कोणी वापरत नाही, पण तो सामान्य ग्राहकासाठीही खुला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 च्या कलम 26 नुसार कोणतीही व्यक्ती किंवा मान्यताप्राप्त ग्राहक संघटना स्वतः विकत घेतलेले प्रसाधन ठरलेले शुल्क भरून शासकीय विश्लेषकाकडे तपासणीसाठी देऊ शकते व त्याच्या सहीचा अहवाल मिळवू शकते. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळा मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. अर्जासाठी जिल्ह्यातील प्रशासनाच्या औषध विभागाच्या कार्यालयात जावे. अर्जातही ‘हेवी मेटल्स’ असे मोघम न लिहिता ‘पाऱ्याचे प्रमाण, पीपीएममध्ये’ असे स्पष्ट लिहावे. विक्रेत्यावर कारवाई हवी असेल, तर मात्र औषध निरीक्षकाने स्वतः दुकानातून नमुना घेणे गरजेचे असते. तो नमुना विभागून मोहोरबंद केला जातो, एक भाग ज्याच्याकडून घेतला त्याला दिला जातो, एक विश्लेषकाकडे जातो आणि एक न्यायालयासाठी राखला जातो. आपली उघडलेली, वापरलेली डबी वैद्यकीय निदानाला अमूल्य असली तरी न्यायालयात तेवढे वजन धरत नाही. म्हणून तक्रार करताना त्याच क्रीमच्या न उघडलेल्या डब्या कोठे विकल्या जात आहेत, हे सांगता आले तर उत्तम. लेबलवर उत्पादकाचा परवाना क्रमांक नसणे, किंवा परदेशी क्रीमवर आयात नोंदणी क्रमांक नसणे, हा पाऱ्याच्या आकड्याची वाट न पाहताही कारवाईचा विषय आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर तर पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता करारातील देशांनी, ज्यांत भारत 2018 पासून आहे, 2023 च्या जिनिव्हा बैठकीत 1 पीपीएमची सूटही काढून टाकून पारा मिसळलेली सर्वच प्रसाधने 2025 पर्यंत बंद करण्याचे ठरवले आहे.

डबीवर ‘आयुर्वेदिक’ लिहिलेले असले, तर ते क्रीम औषध म्हणून वेगळ्या परवान्याखाली येते. त्यावर औषध परवाना क्रमांक असला पाहिजे. ‘वनस्पतिजन्य’, ‘केमिकलविरहित’ अशा शब्दांना तपासणीच्या दृष्टीने काहीही किंमत नाही.

भाचीच्या शरीरातील पारा मोजायचा असेल तर लघवीची चाचणी मुख्य. क्रीममधील पारा बहुतेक वेळा असेंद्रिय असतो आणि तो मूत्रपिंडावाटे बाहेर पडतो. नमुन्याची बाटली प्रयोगशाळेनेच दिलेली, आम्लाने धुतलेली असावी आणि निकाल क्रिएटिनिनच्या (लघवीतून नेहमीच बाहेर पडणाऱ्या एका घटकाच्या) प्रमाणात मांडलेला असावा, म्हणजे लघवी पातळ असल्याने आकडा खाली दिसण्याचा धोका राहत नाही. शरीरातून पारा बाहेर काढणारे औषध आधी देऊन मग लघवी तपासण्याची पद्धत काही ठिकाणी चालते. त्यातून येणारा फुगलेला आकडा नेहमीच्या संदर्भमूल्यांशी ताडून पाहता येत नाही, म्हणून ती टाळावी. क्रीम बंद केल्यावर शरीरातील पारा अर्ध्यावर यायला साधारण दोन महिने लागतात. त्यामुळे क्रीम सोडून काही आठवडे झाले असले तरी चाचणी उपयोगी ठरते, मात्र जितकी लवकर होईल तितकी बरी.

रक्ताचीही चाचणी सोबत करून घ्यावी, आणि त्याचे कारण 2019 मध्ये कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे दिसले. तेथील एका महिलेच्या क्रीममध्ये नेहमीच्या असेंद्रिय पाऱ्याऐवजी मेथिल पारा हा सेंद्रिय प्रकार निघाला. क्रीममधले प्रमाण 12,000 पीपीएम होते आणि तिच्या रक्तात पारा लिटरला 2,620 मायक्रोग्रॅम भरला. मेथिल पारा मेंदूवर आघात करतो आणि लघवीतून फारसा जात नाही, त्यामुळे केवळ लघवीच्या चाचणीवरून विषबाधेची तीव्रता कळली नसती. रक्त देण्यापूर्वी तीन-चार दिवस मासे खाऊ नयेत, असा सल्ला मी देतो, कारण मासळीतील मेथिल पारा रक्तातील आकड्यात मिसळतो. कोकणात आणि गोव्यात राहणाऱ्यांनी मासळी खात असल्याचे डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

घरातील इतरांनाही तपासावे, त्यांनी क्रीमला हात लावला नसला तरी. त्वचेवरचा पारा हळूहळू वाफ होऊन खोलीत पसरतो, उशांचे अभ्रे आणि टॉवेल यांत साठतो, आणि आईच्या गालाला गाल लावणाऱ्या तान्ह्या मुलाच्या अंगात जातो. घरात लहान मूल किंवा गरोदर स्त्री असेल, तर त्यांची लघवी तपासणी भाचीच्या तपासणीइतकीच तातडीची समजावी. क्रीम लागलेले अभ्रे व टॉवेल इतर कपड्यांसोबत न धुता वेगळे बांधून ठेवावेत.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांच्या कानावर घालावी. अशा क्रीममध्ये पाऱ्याच्या जोडीने किंवा त्याऐवजी बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी स्टेरॉइड्स आणि हायड्रोक्विनोन सापडणे नवे नाही. धातूंच्या कोणत्याही यंत्रावर ती दिसत नाहीत. त्यांच्यासाठी एचपीएलसीची, म्हणजे मिश्रणातील सेंद्रिय घटक वेगळे करून मोजणाऱ्या पद्धतीची, वेगळी तपासणी लागते. म्हणून डबीतील सगळे क्रीम एकाच चाचणीत संपवू नये, निम्मे राखून ठेवावे. पाऱ्याच्या चाचणीला पाव-अर्धा ग्रॅमही पुरतो.

सगळे अहवाल हाती आल्यावर उरलेले क्रीम कचऱ्यात टाकू नये, मोरीत धुऊ नये आणि कचऱ्यासोबत जाळू तर मुळीच नये, कारण जाळल्यावर सगळा पारा श्वासातून शरीरात जाण्याजोगा होतो. ज्या प्रयोगशाळेत तपासणी झाली, तिच्याकडे धोकादायक रासायनिक कचऱ्याची विल्हेवाट लावण्याची व्यवस्था असते. डबी, पिशवी आणि बांधून ठेवलेले टॉवेल तेथेच स्वीकारतील का, हे नमुना देतानाच विचारून घ्यावे.